एका तासाचा हिशेब

आपल्याकडे माणूस निवृत्त झाला की काशी-रामेश्वर करतो, मुलं परदेशी असली तर नातवंडं सांभाळायला जातो आणि हल्ली युरोपातले दहा देश बारा दिवसांत उरकून येतो. जंगलच पाहायचं तर ताडोबा आहे, कान्हा आहे. असं असताना साठी उलटलेल्या दोन बहिणींनी उठून युगांडातल्या डोंगरांत रानटी गोरिला पाहायला जावं, हे आमच्या गोतावळ्यात कुणाच्याच पचनी पडलं नाही. 'काय काकू, पूर्वजांना भेटायला निघालात?' असं पुतण्यानं विचारलं, तेव्हा माझ्याऐवजी धाकट्या बहिणीनंच उत्तर दिलं. तिची सारी नोकरी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली. 'पूर्वज नव्हेत रे, चुलत भावंडं. आपला आणि त्यांचा पूर्वज एक. तेव्हा भाऊबंदकी म्हण हवं तर.'

भाऊबंदकी हा शब्द तिनं गमतीनं वापरला. पण जाऊन आल्यावर वाटतं, की या सगळ्या प्रकरणाला तोच शब्द बरोबर आहे. भाऊबंदकीत प्रश्न शेवटी जमिनीचा असतो आणि जमिनीचा प्रश्न कागदाचा. बँकेतली माझी निम्मी नोकरी ग्रामीण शाखांत, शेतीकर्जाच्या टेबलाशी गेली. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, पण माणसाकडे पाहताना त्याच्या हातातल्या कागदाकडे आधी पाहण्याची सवय काही सुटली नाही.

आधी हे भाऊबंद राहतात कुठं, ते सांगायला हवं. डोंगरी गोरिला जगात फक्त दोन ठिकाणी उरले आहेत. एक, रवांडा, युगांडा आणि कांगो या तीन देशांच्या सीमेवरची विरुंगा ज्वालामुखींची रांग. आणि दुसरं, युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं ब्विंडी हे ३३१ चौरस किलोमीटरचं जंगल. कोणत्याही प्राणिसंग्रहालयात हा गोरिला पाहायला मिळत नाही. युरोपीय शास्त्राला त्याची ओळख झाली ती बंदुकीच्या नळीतून: १९०२ साली फॉन बेरिंगे नावाच्या जर्मन कप्तानानं विरुंगात दोन गोरिला मारले आणि बक्षीस म्हणून त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात त्याचंच नाव बसलं. पुढं १९३३ सालच्या 'किंगकाँग' चित्रपटानं तर गोरिला म्हणजे राक्षस अशी जगाची समजूतच करून दिली. ती मोडायला सुरुवात केली जॉर्ज शॅलर या तरुण शास्त्रज्ञानं. १९५९ आणि ६० साली तो विरुंगात नि:शस्त्र हिंडला आणि हा प्राणी शांत, कुटुंबवत्सल, पाला खाऊन राहणारा आहे, हे त्यानं लिहून ठेवलं. हाच शॅलर नंतर आपल्या कान्हात आला आणि वाघांचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास त्यानं तिथं केला. त्याच्यामागून १९६७ साली डायन फॉसी रवांडात जाऊन राहिली, आणि १९८५ च्या डिसेंबरात तिथंच तिच्या झोपडीत तिचा खून झाला.

१९८१ साली विरुंगात मोजणी झाली तेव्हा जेमतेम अडीचशे गोरिला भरले. दोन्ही जंगलांच्या ताज्या प्रसिद्ध मोजण्या मिळवल्या तर आकडा १०६३ होतो: विरुंगात ६०४ आणि ब्विंडीच्या बाजूला ४५९. माणसाचे जवळचे नातलग असलेले सगळे मोठे वानर, म्हणजे चिंपांझी, ओरांगउटान आणि बाकीचे गोरिला, जगभर कमी होत असताना एवढा एकच वाढतो आहे. हे कशामुळं घडलं, याचं उत्तर थोडक्यात द्यायचं तर: आमच्यासारख्यांनी मोजलेल्या पैशामुळं.

परदेशी माणसाला ब्विंडीत गोरिला पाहायचा परवाना आठशे डॉलरना मिळतो. आपल्या हिशेबानं सत्तर हजार रुपयांच्या आसपास. शेजारच्या रवांडात तो पंधराशे डॉलर आहे. एवढ्या पैशात मिळतो फक्त एक तास. गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ माणसांनी भेटायचं आणि साठ मिनिटं झाली की निघायचं. एवढी महाग मुदत ठेव मी आयुष्यात पाहिली नव्हती. साहजिकच पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न: हे आठशे डॉलर जातात कुणाकडे?

पिवळ्या तापाची लस टोचून घेऊन, अदिस अबाबामार्गे आम्ही एंटेब्बेला उतरलो आणि आधी पश्चिमेकडच्या किबाले जंगलात गेलो. वाटेत लाल माती, केळीच्या बागा, सायकलीवर हिरव्या केळ्यांचे घड लादून चढण चढणारी माणसं. कोकणातून घाटावर चाललो आहोत, असं मधूनच वाटावं. रस्त्याकडेच्या टपरीवर 'रोलेक्स' नावाचा पदार्थ मिळतो. घड्याळाशी त्याचा संबंध नाही. अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात. आणि चपातीला तिथं चपातीच म्हणतात. आपल्या लोकांनी तिकडं नेलेला तो शब्द आता युगांडाचा झाला आहे.

नेणारे लोक मात्र एकदा हाकलले गेले होते. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले. बहुतेक गुजराती, दुकानं, कारखाने, घरं टाकून नेसत्या वस्त्रांनिशी गेले. पुढं अमीन गेला, १९८२ साली जप्त मालमत्ता परत करण्याचा कायदा झाला आणि नंतरच्या वर्षांत अनेकांनी कागदपत्रं दाखवून आपली घरं-दुकानं परत मिळवली. बँक ऑफ बडोदा तिथं १९५३ पासून आहे, तिची पाटी पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. हे सगळं मी कौतुकानं बहिणीला सांगत होते. हाकलल्या गेलेल्या माणसाला त्याच्या कागदामुळं घर परत मिळालं, ही गोष्ट दोन दिवसांनी मला वेगळ्याच अर्थानं आठवणार होती.

किबालेत तेरा जातींची माकडं आणि वानर आहेत आणि चिंपांझी तर एवढे, की त्यांच्या आरोळ्यांनी जंगल दणाणून जातं. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत अंगात आलेली पोरं असतात ना, तसे झाडांची पाळंमुळं बडवत, किंचाळत ते आमच्या बाजूनं गेले. बहीण हरखून गेली. त्याच दुपारी मुसळधार पावसानं आम्हाला गाठलं. विषुववृत्त ओलांडून ब्विंडीच्या कडेला बुहोमा गावी पोचेपर्यंत तिला शिंका सुरू झाल्या होत्या.

नियम साधा आहे: सर्दी, खोकला, ताप असेल तर गोरिलांकडे जायचं नाही. डोळ्यांत डोळे घालून कुणी तपासत नाही. एक गोळी घेऊन, नाकावर मास्क चढवून ती सहज निघू शकली असती. मी तसं सुचवायच्या आतच तिनं सांगून टाकलं, 'ताई, मी येत नाही. मी मुलांना काय शिकवलं एवढी वर्षं?' मनात पैशांचा विचार तिच्या आला नाही. माझ्या आला, सवयीप्रमाणे.

या नियमामागं एक गोष्ट आहे. १९९६ साली ब्विंडीतल्या गोरिलांच्या एका कुटुंबाचे केस झडू लागले, ते अंग खाजवून बेजार झाले. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका ही युगांडाची पहिली वन्यजीव-पशुवैद्य तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. तिनं शोध घेतला तर रोग निघाला खरूज. एक पिल्लू दगावलं, बाकीचे औषधानं वाचले. गोरिला शेतात केळीचा गाभा खायला उतरत आणि तिथल्या बुजगावण्यांना घातलेले खरुजलेल्या माणसांचे कपडे हाताळत. जंगलाभोवतीच्या माणसांना साबण, पाणी आणि दवाखाना मिळत नसेल तर जंगलातला गोरिलाही वाचणार नाही, एवढा सरळ निष्कर्ष या बाईनं काढला. २००३ साली तिनं यासाठी संस्था काढली. तिचे कार्यकर्ते घरोघर जाऊन स्वच्छतेचं, कुटुंबनियोजनाचं, क्षयाच्या तपासणीचं बोलतात आणि गोरिला शेतात आले का, तेही विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी निघाले. आठ जणांची आमची तुकडी, पुढं वाटाडी तरुणी, सोबत बंदूकधारी रक्षक. बंदूक जंगली हत्तींना आवाजानं पळवायला. पण तिला दुसराही इतिहास आहे. १ मार्च १९९९ ला याच बुहोमात सीमेपलीकडून आलेल्या बंडखोरांनी आठ परदेशी पर्यटक आणि युगांडाच्या एका वनाधिकाऱ्याला ठार केलं होतं. माग काढणारी माणसं पहाटेच पुढं गेलेली असतात. गोरिला रोज संध्याकाळी नवं अंथरूण करतात, फांद्या-पाला वाकवून. कालचं अंथरूण सापडलं की तिथून माग सुरू होतो आणि खबर बिनतारी यंत्रावर वाटाड्याला मिळते.

मी एक पोर्टर घेतला होता आणि घेतला म्हणूनच पोचले. ब्विंडीला 'अभेद्य' हे नाव उगाच पडलेलं नाही. चढण अशी, की समोरच्याच्या बुटाची टाच आपल्या नाकासमोर. पायाखाली जमीन नव्हे तर वेलींचा थर. हातमोज्यांतूनही खाजकुयलीसारखी चरचरणारी पानं. 'ममा, हात द्या,' म्हणत त्या पोरानं मला तीन तास अक्षरशः ओढत नेलं. त्याचा चुलता याच जंगलात फासे लावायचा, हे त्यानं सहज सांगितलं. तो स्वतः पर्यटकांच्या पिशव्या उचलतो आणि त्यावर दोन धाकट्या भावांची शाळेची फी निघते.

मग वाटाडी थांबली. तिनं मास्क लावायला सांगितलं, घसा खाकरल्यासारखा एक खोल आवाज काढला आणि झाडीतून तसाच आवाज परत आला. आलात, या, असा त्याचा अर्थ.

पहिल्यांदा दिसली ती पाठ. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होतात. चुन्याचा हात फिरवलेल्या भिंतीसारखी ती पाठ आमच्याकडे करून तो बसला होता आणि एका डहाळीची साल दातांनी सोलून खात होता, आपण ऊस सोलतो तशी. त्यानं मान वळवून आमच्याकडे एकदा पाहिलं आणि रांगेतल्या माणसाकडे कॅशियर पाहतो तितक्याच आस्थेनं पुन्हा कामाला लागला. दोन माद्या जवळ लोळत होत्या. एकीच्या पोटाशी काही महिन्यांचं पोर, केस विस्कटलेले, डोळे टक्क उघडे. ती त्याच्या डोक्यातून काहीतरी निवडत होती आणि ते निसटायला बघत होतं. त्याच्या बोटांवरची नखं मी दुर्बिणीतून पाहिली: नखंच, पंजे नव्हेत. नाहीतर आपल्या घरातलं न्हाऊमाखू घालायला कटकट करणारं मूल, एवढंच. मध्येच त्या धिप्पाड नरानं मोठ्यानं वारा सोडला. दिवसभर किलोंच्या हिशेबानं पाला खाल्ल्यावर दुसरं काय होणार? आम्ही आठही जण मास्कच्या आड हसू दाबत उभे राहिलो. तिथं कुणालाच त्याचं काही वाटलं नाही.

एक वांड पोर छाती बडवत आमच्या रोखानं आलं. आम्ही दहा मीटर अंतर राखायचं. पण पोराला नियम कोण सांगणार? वाटाडीनं आम्हालाच मागं सरकवलं. मला त्या क्षणी घरी राहिलेली बहीण आठवली. तिची शिंक त्या पोराला किती महाग पडली असती!

तास संपला तेव्हा नर उठला, चारही पायांवर आमच्यासमोरून गेला आणि त्याच्यामागं सगळं कुटुंब झाडीत मिसळून गेलं. निरोप वगैरे काही नाही.

उतरताना मी हिशेब मांडला. परवान्याच्या पैशांवर माग काढणारे, रक्षक, पशुवैद्य पोसले जातात. ज्या अभयारण्यांना पर्यटक मिळत नाहीत त्यांचाही खर्च यातून निघतो. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातला वीस टक्के वाटा कायद्यानं आसपासच्या गावांना जातो आणि प्रत्येक गोरिला-परवान्यामागे दहा डॉलर गावांसाठी वेगळे काढायची पद्धत आहे. आठशेत दहा म्हणजे सव्वा टक्का. ज्याच्या केळी गोरिलांनी मोडल्या त्याला हा व्याजदर कसा वाटत असेल, ते मी शेतकऱ्यांत वावरलेली बाई ओळखू शकते.

डायन फॉसीला पर्यटन मुळीच पसंत नव्हतं. पण बिल वेबर आणि एमी वेडर या जोडप्यानं १९७९ मध्ये रवांडात ते सुरू करण्याचा आग्रह धरला. जिवंत गोरिला देशाला पैसे मिळवून देत नसेल तर त्याची जागा गुरांच्या कुरणांना जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्विंडीत पर्यटन १९९३ पासून आहे. आकडे पाहिले तर ते जोडपं बरोबर ठरलं. पण पैसा थांबला की काय होतं, हेही दिसलं. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळं पर्यटन बंद झालं. जूनमध्ये राफिकी नावाचा एक प्रसिद्ध नर जंगलात भाल्यानं मेलेला सापडला. मारणारा माणूस गोरिलासाठी गेलाच नव्हता; रानडुकरं आणि लहान हरणं मारायला गेला होता, अंगावर आला म्हणून मारला, असं त्यानं सांगितलं. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या गुन्ह्याचं मी समर्थन करत नाही. पण डुकराच्या मांसासाठी जंगलात शिरणारा माणूस आणि तासाला सत्तर हजार मोजणारी बाई एकाच खतावणीच्या दोन बाजूंना आहेत, हे विसरता येत नाही.

संध्याकाळी निवासावर पोचले तेव्हा बहीण व्हरांड्यात गरम पाणी पीत बसली होती. मला वाटलं, हिला आता वर्णन करून सांगायचं, तर तिला वाईट वाटेल. पण तिच्याकडेच सांगायला जास्त होतं. दुपारी ती जवळच्या बाट्वा लोकांच्या वस्तीवर जाऊन आली होती.

बाट्वा हे या जंगलाचे मूळ रहिवासी. ठेंगणे, मध गोळा करणारे, लहानसहान शिकार करणारे. गोरिला ते मारत नसत, असं सांगतात. १९९१ साली ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांना बाहेर काढण्यात आलं. भरपाईची वेळ आली तेव्हा जंगल तोडून शेती करणाऱ्यांपैकी काहींना ती मिळाली, कारण त्यांचं शेत दाखवता येत होतं. ज्यांनी जंगल न तोडता पिढ्यान् पिढ्या त्यात काढल्या, त्यांच्यापाशी दाखवायला काही नव्हतं. आपल्या भाषेत बोलायचं तर सातबारा नव्हता. सातबारा नाही म्हणून कर्जाचा अर्ज परत करणं हे मी कित्येक वर्षं केलेलं काम; त्यामागचा नियम मला पाठ आहे. आशियाई व्यापाऱ्यांना घरं परत मिळाली ती कागदामुळं. बाट्वांचं घर तर अजून समोर उभं आहे, हिरवंगार. फक्त ते त्यांचं असल्याचा कागद नाही.

वस्तीवर लोक पर्यटकांना आपलं जुनं जगणं दाखवतात: काटक्या घासून विस्तव, झाडपाल्याची औषधं, नाच. एक म्हातारी आपण आत कुठं जन्मलो ते डोंगराकडे बोट करून सांगत होती. बहीण आपणहून तोंडाला मास्क बांधून लांब बसली होती. 'तिथं माझी सर्दी कुणी विचारलीसुद्धा नाही, ताई,' ती म्हणाली. पुढं आम्ही दोघीही बराच वेळ बोललो नाही.

सगळं अंधारलेलंच आहे, असं मात्र नाही. एका अमेरिकन डॉक्टरनं बाट्वांसाठी झाडाखाली सुरू केलेला दवाखाना आज बुहोमाचं रुग्णालय झाला आहे आणि तिथं सगळ्या जमातींचे लोक येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये युगांडाच्या घटना न्यायालयानं बाट्वांवर अन्याय झाला हे मान्य केलं आणि त्यांना योग्य भरपाई मिळावी म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तो अर्ज २०१३ सालचा. बँकेत अशा रकमेला थकबाकी म्हणतात: देणं मान्य आहे, वसुली व्हायची आहे. मेळघाटातून हलवलेल्या कोरकू गावांची आठवण असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग आपण जाऊ नये का? मला विचाराल तर जरूर जावं. आपण गेलो नाही तर गोरिलांचं भलं होणार नाही आणि बाट्वांचंही नाही. मात्र सर्दी असेल तर मागं राहावं. पिशवी उचलता येत असली तरी पोर्टर घ्यावा. तिथल्या शेतकऱ्यांची कॉफी विकत घ्यावी. ग्लॅडिसबाईंच्या पुढाकारानं २०१५ पासून ती चांगल्या भावानं घेतली जाते. आणि गोरिलांना दिलेल्या तासाइतकाच एक तास वस्तीवरही द्यावा, फोटो न काढता, ऐकण्यासाठी.

त्या एका तासाचे माझ्याकडून आठशे डॉलर जमा झाले, त्याची पावती माझ्यापाशी आहे. पण तो तास मला मिळावा म्हणून कुणाच्या तरी नावे डोंगरएवढी रक्कम पडली आहे आणि तिची पावती अजून कुणी फाडलेली नाही. चुलत भावंडांचं घर वाचलं, याचा आनंद खरा आहे. सख्ख्यांचा वाटा अजून द्यायचा राहिला आहे.